सोन्याची ताटे आणि धूमकेशाची चूल

एका राज्यात डोंगर इतके उंच होते की ढग त्यांच्या कमरेलाच टेकून बसत. पाऊस बेताचा, जमीन काळी, माणसे काटक. तिथला राजा होता धवलसेन. त्याने लग्न केले ते दूर समुद्रकाठच्या राजाच्या मुलीशी. तिचे नाव केतकी. दोघांचा एकमेकांवर फार जीव. दरबार उठला की राजाची पावले आपोआप तिच्या महालाकडे वळत, आणि राणी ती पावले जिन्यातच ओळखी.

अडत होते ते फक्त जेवणावर.

राजाला हवी ज्वारीची भाकरी, सोबत मिरचीचा ठेचा, लसणीचे तेल, आणि कालवण असे की कपाळावर घाम फुटावा. राणी वाढली होती भातावर, नारळाच्या रसावर आणि मासळीवर. तिला मिरची सोसत नसे, त्याला मासळीचा वास सोसत नसे. लग्नानंतर काही दिवस दोघे रोज सकाळी सज्जात बसून संध्याकाळचा बेत ठरवीत. "आज काय करायचं?" इथून बोलणे सुरू होई आणि पुष्कळदा रुसव्यावर संपे. मग दोन मुदपाकखाने झाले. तेव्हा दोन्हीकडचे आचारी आपापसांत भांडू लागले. राजा दमला, राणीही दमली.

अशा वेळी जामदारखान्याचा कारभारी एक पेटी घेऊन आला.

"महाराज, आपल्या आजोबांनी डोंगरापलीकडच्या एका सिद्धाकडून ही खंडणीत आणली होती. आत सोन्याची दोन ताटं आहेत. ज्याच्यापुढे ताट मांडावं, त्याच्या मनातलं जेवण त्यात उमटतं. रांधायला नको, भांडायला नको."

ताटे मांडली. राजाच्या ताटात वाफाळती भाकरी उमटली, राणीच्या ताटात भात आणि बांगड्याचे आंबट कालवण. वासही एका ताटाचा दुसऱ्या ताटाकडे जाईना. दोघे हसली, पोटभर जेवली. मुदपाकखान्यांना कुलपे लागली. सकाळी बेत ठरवायला बसण्याचे कारण उरले नाही, म्हणून सज्जातले बसणेही हळूहळू बंद झाले.

काही दिवस गेले. एका संध्याकाळी राजाने जेवता जेवता राणीला काही विचारले. राणीने उत्तर दिले. राजाला तिचे ओठ हलताना दिसले, शब्द मात्र आला नाही. हिने आवाज चोरला, कशावरून तरी रागावली आहे, असे त्याला वाटले. पुढे तो बोलला तो शब्द राणीपर्यंत पोचला नाही, आणि तिलाही तेच वाटले. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. दोघेही मानी. समोरच्याने अबोला सोडावा म्हणून दोघेही वाट पाहत राहिली.

राजाने हुकूम दिला, पाटाचे पाणी पूर्वेच्या शिवारांना सोडा. राणीने हुकूम दिला, पश्चिमेच्या शिवारांना सोडा. एकमेकांना विचारले कोणीच नव्हते. दोन्ही दारे एकदम उघडली, बांध फुटला, पाणी वाटेवरून वाहून गेले आणि दोन्हीकडची पिके माना टाकून उभी राहिली. लोक महालाकडे बघून कुजबुजू लागले.

राणीची एक साळुंकी होती, मंजी नावाची. ती माणसांसारखे बोले. एके सकाळी ती राणीच्या खांद्यावर येऊन बसली.

"बाई, काल महाराज तुला तीन हाका मारत होते. तू वळलीस का नाहीस?"

"मला हाक? ते तर अबोला धरून बसलेत."

"ते तुझा अबोला सांगत फिरतात, आणि तू त्यांचा. माझे कान तर ठीक आहेत. मला दोघांचंही ऐकू येतं."

राणीच्या हातातली फणी गळून पडली. ती तशीच धावत राजाच्या महालात गेली. राजा वळला आणि राणी उंबऱ्यातच थांबली. अंगावरचा शेला त्याचाच, उभे राहण्याची ढब त्याचीच. चेहरा मात्र ओल्या काचेपलीकडे असावा तसा धुरकट झाला होता. राजाने तिच्याकडे पाहिले आणि त्याचाही हात पुढे येता येता थांबला. त्यालाही तिचा चेहरा दिसत नव्हता.

मंजी दोघांच्या मध्ये उडत राहिली. याचे शब्द तिला आणि तिचे याला सांगत राहिली.

"महाराज विचारतात, हे कशाने झालं?"

"राणी म्हणते, ताटं. दुसरं काहीच नवीन आलेलं नाही."

ताटे पेटीत बंद केली. तरी दुसऱ्या दिवशी धुरकटपणा वाढलाच. तेव्हा मंजी म्हणाली, "माझा जन्म डोंगरापलीकडच्या रानातला. ही ताटं ओतणारा धूमकेश तिथेच राहतो. तो अजून आहे. सिद्धांचं वय आपण मोजू नये. उपाय असला तर त्याच्यापाशीच."

दोघे निघाली. लवाजमा नाही, घोडे नाहीत. राजाने पेटी पाठीला बांधली. मग आपल्या शेल्याचे एक टोक त्याने राणीच्या मनगटाला बांधले आणि दुसरे स्वतःच्या. हाक ऐकू येणार नव्हती, चेहरा दिसणार नव्हता. शेला ताणला की दुसरा मागे राहिला, एवढे कळणार होते. वाटेत एक रान लागले, तिथली झाडे संध्याकाळ झाली की जागा बदलत. एक नदी लागली, ती नाव विचारल्याशिवाय पाय टाकू देत नसे. राजाने राणीचे नाव सांगितले, राणीने राजाचे, आणि नदीने वाट दिली. चढणीवर शेला ताणला की राजा थांबे. उतरणीवर सैल झाला की राणी पाऊल आवरी. मंजी म्हणाली, "आता तुम्हाला माझी गरज तरी आहे का?" ते दोघांनाही ऐकू गेले. दोघे एकाच वेळी हसली, पण एकमेकांचे हसू कोणालाच ऐकू आले नाही.

धूमकेशाचे घर डोंगराच्या खांद्यावर होते. अंगण स्वच्छ झाडलेले. ओसरीवर धूमकेश बसला होता. त्याच्या जटांमधून धुराची बारीक वळी निघत. दारापाशी एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. राणीला पाहून ती म्हणाली, "ये बाळ. पाय धुवून घे."

धूमकेशाने राजाच्या पाठीवरची पेटी ओळखली.

"उघडलीस?"

"उघडली."

"तुझ्या आजोबाला मी बजावलं होतं. त्याने ऐकलं, म्हणून तो सुखाने मेला. ही ताटं फुकट जेवू घालत नाहीत, राजा. जेवणाऱ्याच्या जोडीदाराला ती थोडं थोडं पुसतात. आधी आवाज जातो. मग चेहरा. मग अमावास्येला अख्खं माणूसच. ते समोर उभं असतं, पण दिसत नाही."

"अमावास्या किती दूर आहे?"

"तीन सांजा उरल्यात."

राजाने दाराकडे पाहिले. "सिद्धराज, या माउली कोण?"

धूमकेशाने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिले. "तिथे कोणी नाही. माझी बायको होती, काळिंदी. तिला कडू, तुरट आवडे आणि मी गोडावर जगायचो. रोजचा वाद नको म्हणून मी ही ताटं ओतली. ती मला दिसेनाशी झाली, आणि अशा नवऱ्यापाशी कोण थांबेल? ती मला सोडून गेली."

म्हातारीने मान वर केली नाही. "रोज हेच सांगतो," ती राणीला म्हणाली. "मी त्या ताटाला बोटही लावलं नाही. मला चुलीवरचंच लागतं. म्हणून मला तो दिसतो. त्याला मी नाही."

"सिद्धराज, त्या इथेच बसल्या आहेत," राजा म्हणाला.

धूमकेश खिन्न हसला. "येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. म्हाताऱ्याचं मन राखतात लोक."

"मग हे अंगण कोण झाडतं? तुम्हाला जेवू कोण घालतं?"

"माझी विद्या," धूमकेश म्हणाला.

काळिंदीने एक खडा निवडून अंगणात फेकला.

मग धूमकेशाने उपाय सांगितला. "ज्या चुलीच्या विस्तवात ताटं ओतली, ती चूल माझ्या घरात आहे. त्या चुलीवर तुम्ही दोघांनी तीन सांजा रांधायचं. पहिल्या सांजेला एकच भांडं, आणि त्यातून दोघांची जीभ तृप्त व्हावी. दुसऱ्या सांजेला दोघांपैकी कोणीही कधी न चाखलेलं जेवण, आणि ते दोघांनी पुन्हा मागून घ्यावं. तिसऱ्या सांजेला ज्याने त्याने दुसऱ्याच्या आवडीचं रांधावं, स्वतःला न सोसणारं. त्या दिवशी विचारायचं नाही, सांगायचं नाही. आणि लक्षात ठेवा, ही चूल खोटं सोसत नाही. एकदा विझली की पुन्हा पेटायची नाही. मला उपाय ठाऊक आहे, पण तो दोघांचा आहे. मी एकटा."

त्या घरातली मडकी शहाणी होती. हात घालणाऱ्याला हवे ते त्यांत मिळे. रांधणे मात्र आपल्याच हातांनी करावे लागे.

पहिल्या सांजेला राणीने पुढचा-मागचा विचार केला नाही. महाराजांना आवडते तेच करावे आणि आपण गुपचूप गिळावे, असे तिने ठरवले. तिने पातेलेभर कालवण केले, लालभडक. राजा जेवला आणि खूश झाला. राणीने घास घेतला. तिचे कान तापले, डोळे भरून आले. "छान झालंय," ती म्हणाली.

चुलीतला जाळ एकदम बसला. निखाऱ्यांवर राख धरू लागली.

मंजी किंचाळली, "महाराज, ती म्हणते छान झालंय, आणि चूल विझतेय!"

राजाने राणीच्या हातातली वाटी काढून घेतली. "तिला विचार, खरं काय ते."

राणीने ओठ घट्ट मिटले होते. ते उघडले तेव्हा कोंडलेले सगळे बाहेर पडले. "जळतंय मला. जीभ जळतेय. पहिल्या घासापासून जळत होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

जाळ वर आला.

राजाने कालवण बाजूला ठेवले आणि मंजीकरवी विचारले, "अगदी काहीच न घातलेली डाळ तुला चालते?"

"चालते. तुम्हाला?"

"नुसती नाही चालत. पण तिच्यावर काय घालायचं, ते आपल्या हातात आहे."

मग एका पातेल्यात तुरीची डाळ शिजली, मऊ, नुसत्या हळद-मिठाची. ती दोन वाट्यांत वाढली. राजाने पळीत तेल तापवले, त्यात लसूण ठेचून टाकला, लाल मिरच्या तडतडवल्या आणि ती फोडणी आपल्या वाटीवर ओतली. राणीने आपल्या वाटीत नारळाचा दाट रस घातला, आमसूल घातले, गुळाचा खडा घातला. पातेले एकच होते. दोघांनी वाट्या पुसून खाल्ल्या.

"अजून आहे का?" राणीने विचारले.

राजाचा हात वाटीतच थांबला. मंजीने चोच उघडलीही नव्हती. तो आवाज तिचा होता, थोडा घोगरा, मिरचीने भाजलेला.

"पुन्हा बोल," तो म्हणाला.

"डाळ अजून आहे का, म्हणून विचारलं."

"पुन्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघे बोलत होती. न चाखलेले काय आहे ते शोधायचे, म्हणून चाखलेले सगळे आठवू लागली. राणीने लहानपणी वाळूत भाजून खाल्लेल्या शिंपल्या सांगितल्या. राजाने शेतावरच्या हुरड्याचा धूर सांगितला, आणि आई गेल्यावर कुणीच तसा ठेचा वाटला नाही, हेही सांगितले. राणीने तिच्या आईच्या कालवणाचे सांगितले. राजाला आठवले, हे तिने लग्नानंतरही एकदा सांगितले होते. तेव्हा त्याने नुसतेच हूं म्हटले होते. मंजी बिचारी छपराच्या आढ्यावर जाऊन बसली. तिला आता कुणी काही विचारीना.

परसात एक वेल होती, चांदवेल. तिच्या कळ्या चंद्राकडे तोंड करून फुगत. अशी वेल ना डोंगरात होती, ना समुद्रकाठी. राणीने एक कळी चावून पाहिली. आधी कडवट, मग गोड. पहिल्या कळ्या त्यांनी तव्यावर टाकल्या, त्या करपल्या. दुसऱ्या पाण्यात शिजवल्या, त्यांचा लगदा झाला. राजा म्हणाला तीळ कुटून लावू. राणी म्हणाली हळदीच्या पानात बांधून उकडू. दोन्ही केले. पाने उघडली तेव्हा असा वास आला की धूमकेशही ओसरीवरून उठून आत डोकावला.

"कशासारखं लागतंय?" राजाने विचारले.

"कशासारखंच नाही." राणीने दुसरे पान ओढून घेतले. "आणि ते माझं आहे, हात काढा."

राजाने तिच्याकडे पाहिले. तिच्या वरच्या ओठाला तीळ चिकटला होता. तो दिसला, मग ओठ दिसला, मग गालावरची खळी, मग डोळे. काळे, भरून आलेले. ती त्याच्या भुवईवरचा जुना व्रण बोटाने चाचपत होती. "इथेच आहे," ती म्हणत होती, "इथेच आहे."

मग तिसरी सांज आली. विचारायचे नाही, सांगायचे नाही. दोघे पाठीला पाठ लावून चुलीच्या दोन बाजूंना बसली.

राजाने मडक्यात हात घातला. ताजे बांगडे हाताला लागले. वास सोसेना. तो परसात गेला, दोन श्वास घेतले, परत आला. कापायचे कसे ते त्याने कधी पाहिले नव्हते. राणीच्या ताटाकडे त्याने लग्नापासून पाहिलेच नव्हते. जे होते ते काल कानांवर पडलेले बोलणे. तिची आई खोबऱ्यासोबत धणे वाटी. तिरफळे ठेचून शेवटी टाकी, कालवण उतरवायच्या आधी. तो ते एकेक आठवून करत गेला. मग राहिले मीठ. मीठ चाखल्याशिवाय कळणार नव्हते. त्याने पळी तोंडाला लावली, डोळे मिटले, घोट घेतला. थोडे कमी होते. घालून पुन्हा चाखले.

राणीने आयुष्यात भाकरी थापली नव्हती. पहिली फाटली, दुसरी परातीला चिकटली. ठेचा वाटताना तिला ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिखट पुरेसे झाले की नाही, हे तिच्या जिभेला कळणे शक्यच नव्हते. मग तिने मनाशी हिशेब केला : माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे त्यांच्यासाठी निम्मं झालं. तिने आणखी तेवढ्याच मिरच्या घेतल्या.

काळिंदी चुलीशी बसून फुंकणीने जाळ राखत होती. कोणाला काही सांगत नव्हती.

दोन पाट शेजारी शेजारी मांडले. मधे सोन्याची ताटे रिकामी ठेवली. वाढले ते साध्या पत्रावळींवर.

"चव सांगा," धूमकेश म्हणाला. "खरी."

राजाने भाकरी मोडली. "कड जाड आहे," तो म्हणाला, "आणि मधे थोडी कच्ची." राणीचा चेहरा उतरला. मग राजाने ठेचा खाल्ला. त्याच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आले, आणि ते काही मिरचीचे नव्हते. "असा ठेचा मी आई गेल्यापासून खाल्ला नव्हता."

राणीने भात कालवला. "तिरफळ एक जास्त पडलंय." तिने दुसरा घास घेतला. "खोबरं जाडसर राहिलंय." तिसरा घेतला. "तुम्ही हे चाखलंत? तुम्ही?"

"मीठ बघायला."

"किती वेळा?"

"दोनदा."

राणीने डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसेच जेवत राहिली. जाळ चुलीबाहेर आला, जिभेसारखा लांब झाला, आणि त्याने सोन्याची दोन्ही ताटे ओढून आत घेतली. सोने वितळले, राखेत मुरले, दिसेनासे झाले.

धूमकेशाच्या जटांतला धूर थांबला. त्याने डोळे चोळले. चुलीपाशी एक म्हातारी फुंकणी घेऊन बसली होती. तिचे केस पांढरेशुभ्र होते.

"काळिंदी," तो म्हणाला. "तुझे केस कधी पिकले?"

"तुझ्यासमोरच पिकले."

तो उठला, चुलीशी येऊन जमिनीवरच बसला. तिने फुंकणी खाली ठेवली. "जेवला नाहीस अजून. काय करू?"

"कारलं कर."

"नाटकं नकोत. या चुलीसमोर खोटं चालत नाही."

"मग शिरा कर," धूमकेश म्हणाला, "आणि तुझ्यासाठी कारलं मी चिरतो." जाळ जराही हलला नाही. राजा आणि राणी हळूच उठून अंगणात गेली.

राज्यात परतल्यावर दोघांनी आधी फुटलेला बांध बांधून घेतला आणि पाणी एक दिवस पूर्वेला, एक दिवस पश्चिमेला सोडले. शिवारे हिरवी झाली. मुदपाकखाना एकच राहिला. राजाला मासळी पुढेही कधी आवडली नाही, आणि राणीने ठेचा बोटाच्या टोकावर घेऊन पाहिला तो एकदाच. पण रोज सकाळी सज्जात दोन आसने मांडली जात. खाली दरबार भरलेला असे, वकील आणि सरदार ताटकळत असत. प्रधान वर येऊन विचारी, "महाराज, सभा खोळंबली आहे. मोठी मसलत चालली आहे का?"

"मोठीच आहे," राणी म्हणे. "संध्याकाळी काय करायचं ते ठरायचंय. बसा प्रधानजी, तुमच्या घरी आज काय आहे?"

आणि प्रधान खाली मान घालून म्हणे, "विचारलं नाही, राणीसाहेब."

"मग आधी घरी जाऊन विचारून या," राजा सांगे. "दरबार तेवढा वेळ थांबेल."

असे ते राज्य चालले, असे ते नांदले. गोष्ट शिजली, चुलीवरून उतरवली. ज्याला जशी गोड, ज्याला जशी तिखट, तशी त्याने वाढून घ्यावी.